धागा: कामगारांच्या घरांचा नियम होतो, पण पैसा कुणी द्यायचा ते नियमात कुठे लिहिलेलं असतं?

साचेखाते (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे माग चालायचे त्या विभागात, होते. १९८२ चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होतो. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई अठ्ठ्याहत्तरची आहे. गिरणी कामगारांसाठीच्या घराचा अर्ज तिच्या नावावर आहे आणि तीन सोडतींत आमचा नंबर लागलेला नाही. गेल्या महिन्यात संघटनेच्या सभेत शेलू-वांगणीच्या (मुंबईबाहेर, कर्जतच्या रेल्वेमार्गावर) घरांचा विषय निघाला, म्हणून कागद पुन्हा एकदा बघायला ट्रंक खाली काढली.

वडिलांचं हजेरीकार्ड हातात घेतलं. चार घड्या पडल्यात, आणि जिथे घडी तिथला आकडा पुसलेला. शेवटची हजेरी १६ जानेवारी १९८२, शनिवार. मधे रविवारची सुट्टी आणि सोमवारी, १८ तारखेला, संप. पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ ला कामावर असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे आमचा सगळा हक्क त्या कार्डावरच्या दोन आठवड्यांच्या शिक्क्यांवर उभा आहे.

मला इथे जाणकारांशी एका गोष्टीवर बोलायचं आहे. 'घर देऊ' असं सगळेच म्हणतात. पैसा कुठून येणार हे नियमात लिहिलंय का, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि घर मिळणार की नाही, कुठे मिळणार, केवढ्याला मिळणार, हे माझ्या मते त्या एका ओळीवर ठरतं.

शंभर वर्षांपूर्वीचं उदाहरण घ्या. १९२० च्या सुमाराला गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) निघालं. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या होत्या. त्यासाठी कर्ज काढलं, आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसवला, कायद्यानं. गाठ शहरात आली की रुपया जमा. ज्या धंद्यासाठी माणसं कोकणातून, घाटावरून येत होती, त्याच धंद्यातून त्यांच्या खोल्यांचा पैसा. म्हणून बीडीडी चाळी वरळीत, नायगावला, डिलाइल रोडला आणि शिवडीला उभ्या राहिल्या, गिरणीचा भोंगा ऐकू येईल इतक्या जवळ.

आता आमची गोष्ट. १ लाख ७४ हजारांच्या आसपास अर्ज. तीन टप्प्यांत घरं १५,८७०. आणि उरलेल्यांसाठी १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय: शेलू आणि वांगणीला ८१ हजार घरं, किंमत १५ लाख, त्यातले साडेपाच लाख शासनाचे, साडेनऊ लाख आमचे. कापसाच्या गाठीवरून गाडी वारसाच्या खिशावर कशी आली, ते समजून घ्यायचं आहे. कृपया लिहा.

---

करीरोडचा बाळ्या

चांगला विषय काढलास. एक भर घालतो, कारण मी डिलाइल रोडच्या बीडीडीत जन्मलो.

त्या चाळींचं फार कौतुक करू नकोस. ५० हजार खोल्या ठरल्या होत्या, झाल्या २०७ इमारती, प्रत्येकी ८० खोल्या, म्हणजे साडेसोळा हजार. एक खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक. सिमेंटच्या त्या कोंदट खोल्यांचं भाडं सुरुवातीला कामगारांना परवडेना, म्हणून कित्येक इमारती रिकाम्या पडून होत्या. वरळीच्या काही चाळी तर स्वातंत्र्य चळवळीच्या काळात तुरुंग म्हणून वापरल्या. पैशाची सोय कायद्यात होती, तरी घर कसं असावं हे राहणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

पण टिकल्या. माझ्या आजोबांनी, वडिलांनी आणि मी त्याच मोरीत आंघोळ केली. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या टीव्हीसमोर रडत होत्या. आमचा नंबर यायचा आहे.

---

नियमावली

मी वीस वर्षं बांधकाम परवानग्यांच्या कागदांत काम केलं आहे. 'गाडी खिशावर कशी आली' ह्याचं उत्तर विकास नियंत्रण नियम ५८ मध्ये आहे.

१९९१ च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर जमीन तीन वाट्यांत विभागायची होती: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. गिरणी जितकी मोठी तितका म्हाडाचा वाटा मोठा. ५ हेक्टरपर्यंत २७ टक्के, १० हेक्टरपर्यंत ३४ आणि त्यावर ३७ टक्के. पैशाऐवजी जमीन घ्यायची, असा हा हिशेब. कर नाही, अंदाजपत्रक नाही, पण घराच्या खर्चातला सगळ्यात महागडा भाग फुकट. मुंबईत घराची किंमत म्हणजे मुख्यतः जमिनीचीच किंमत.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची करायची आणि जिथे शेड उभी होती ती जमीन वाटणीतून वगळायची, मग शेड पाडली तरी. कागदावर हा बदल एवढासा दिसतो. १० एकरांची (सुमारे ४ हेक्टरची) गिरणी धरा. ९ एकरांवर शेड, गोदाम, बॉयलर, चिमणी आणि १ एकर मोकळं आवार. जुन्या नियमानं १० एकरांचे वाटे पडले असते, म्हाडाला २.७ एकर. नव्या नियमानं १ एकराचे वाटे, म्हाडाला ०.२७ एकर. त्यात एक इमारत, जिना आणि पाण्याची टाकी बसते.

ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयानं निकाल देताना पूर्ण जमिनीचा हिशेब धरला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि २००१ चा नियम कायम राहिला. गिरणगावच्या सुमारे ६०० एकरांचं भवितव्य तिथे ठरलं.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्याच नियमात जमीन विकून येणारा पैसा एस्क्रो खात्यात (ठरलेल्या कामासाठीच वापरता येणाऱ्या बांधील खात्यात) ठेवायची आणि त्यावर देखरेख समितीची सोय होती. म्हणजे पैसा बांधून ठेवण्याचं तंत्र शासनाला माहीत होतं. पण ते खातं होतं कामगारांच्या थकीत देण्यांसाठी आणि गिरण्यांच्या आधुनिकीकरणासाठी. घर त्यात नव्हतं. २००५ मध्ये लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली. त्यातला ठरावीक हिस्सा घरांसाठी बाजूला काढा, असं एक वाक्य नियमात असतं, तर आज ही चर्चा वेगळी झाली असती.

---

साचेखाते

नियमावली साहेब, १० एकरांचं उदाहरण मी आईला पाटीवर काढून दाखवलं. ती म्हणाली, "शेडमध्ये तर आपली माणसं होती, आवारात कोण होतं?" ह्यापुढे मी काय बोलणार.

---

कुंभारी नाका

सोलापूरहून लिहितेय. माझी आई विडी कामगार होती, दिवसाला हजार विड्या वळायची. मुंबईचे लोक आमच्याकडे बघत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते.

विड्यांवर केंद्राचा १९७६ चा उपकर होता. विडीच्या धंद्यातून तो वसूल व्हायचा आणि कल्याण निधीत जायचा: दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती आणि घर. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं १० हजार घरांची वसाहत झाली, ती ह्या तत्त्वावर. थोडं केंद्राचं, थोडं राज्याचं, थोडं बाईचं स्वतःचं. आमच्या आईनं तिचा हिस्सा भिशीतून आणि एक पाटली मोडून भरला. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या मिळाल्या. पहिल्या दिवशी आईनं सुपात तेंदूची पानं घेऊन दारातच बसकण मारली. घर तिच्या नावावर होतं, आणि आमच्या वस्तीत ही गोष्ट तोवर कुणी पाहिली नव्हती.

२०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. त्यानंतर आमच्या सोलापूरच्याच रे नगरची ३० हजार घरं झाली ती पंतप्रधान आवास योजनेतून: केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकी लाभार्थ्यानं कर्ज काढून. १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण झालं. एवढ्या माणसांना घरं मिळाली ह्याचा मला मनापासून आनंद आहे, आणि आमचे कामगार नेते आडम मास्तर यांनी त्यासाठी किती वर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या ते आम्ही पाहिलंय. पण फरक सांगते. पूर्वी निधी आमच्या नावानं कायद्यात होता, तो मागायचा अधिकार होता. आता दर वर्षी अंदाजपत्रकाकडे डोळे. हप्ता यायला उशीर झाला की बांधकाम थांबतं आणि बँकेचं व्याज मात्र चालूच राहतं.

---

करीरोडचा बाळ्या

ताई, प्रतिसाद दोनदा वाचला. पाटलीचा उल्लेख वाचून आमची आजी आठवली.

---

ठाणेकर करदाता

माझं मत वेगळं आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडतो. संपाला चाळीसहून जास्त वर्षं झाली. मूळ कामगार बरेच गेले. वारसांपैकी कित्येक जण चांगल्या नोकऱ्यांत आहेत. माझ्या वडिलांची कंपनीही बंद पडली, त्यांना कुणी घर दिलं नाही. ८१ हजार घरांना प्रत्येकी साडेपाच लाख म्हणजे ४,४५५ कोटी रुपये. हा पैसा आज जे कामगार झोपडपट्टीत राहतात त्यांच्यावर का खर्च करू नये? गिरणी कामगारांबद्दल आदर आहे, पण हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत राहावा का?

---

नियमावली

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की गिरणीची जमीन ही मोकळ्या बाजारातली साधी मालमत्ता नव्हती. तिचा वापर औद्योगिक होता. तो बदलून तिथे मॉल आणि टॉवर बांधू देणं ही शासनाची परवानगी होती, आणि जमिनीचा भाव वाढला तो त्या परवानगीनं. त्या बदल्यात घरं द्यायची ही अट होती. अट पुढे ढिली झाली आणि वाढलेला भाव एका बाजूला गेला. तो वसूल करता आला असता तर तुमच्या-माझ्या कराचे ४,४५५ कोटी लागले नसते. आज करदाता भरतो आहे ते तेव्हा सोडून दिलेल्या वाट्याचं देणं आहे. तुमच्या वडिलांच्या कंपनीच्या जमिनीवर काय उभं राहिलं, ते एकदा जरूर बघा.

---

सेंटरिंग

मी बांधकामावर सुपरवायझर आहे. सध्याची साइट लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवरच. खोदाई करताना गिरणीच्या जुन्या पायाचे दगड निघाले, एकेक दोन माणसांना न हलणारा.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्राचा कायदा झाला. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर बांधणाऱ्यानं भरायचा. तो राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो आणि त्यातून नोंदीत कामगाराला घरासाठीही मदत मिळते. आमच्या टॉवरचा उपकर भरला गेला, मी चलन पाहिलंय.

ह्या धाग्यावरून मला सुचलं ते असं. त्याच जागेवर आज बिहारचा, झारखंडचा, मराठवाड्याचा मजूर काम करतो, त्याच्या नावानं १ टक्का आहे. ज्याचा पाया आम्ही उकरला त्या गिरणी कामगाराच्या नावानं तिथे काहीच नाही. नियम लिहिताना गिरणीच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक चौरस फुटामागे थोडा आकार लावला असता, तर इतक्या वर्षांत निधी जमला असता. राहिलेल्या गिरण्यांच्या जागांवर अजूनही लावता येईल ना?

पण एक सांगून ठेवतो. निधी जमला म्हणजे घर झालं, असं नाही. आमच्या साइटवर नव्वद माणसं आहेत, त्यातल्या अकरा जणांची नोंदणी झालेली. नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला द्यायला ठेकेदार तयार नसतो. पैसा मंडळात आणि माणूस पत्र्याच्या शेडमध्ये.

---

चाकणची शुभा

सेंटरिंग दादांशी सहमत. आमच्याकडे एमआयडीसीत कंत्राटी पोरं एका खोलीत सहा-सहा राहतात. दोन पाळ्यांची पोरं एकच गादी वापरतात, एक उठला की दुसरा आडवा. मुलींना तर खोली द्यायलाच घरमालक कां-कूं करतात.

मे २०२५ च्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणात औद्योगिक वसाहतींत कामगारांच्या निवासासाठी जागा राखायची तरतूद आली आहे. कामाजवळ घर, हा विचार चांगला. पण भाड्याची घरं बांधायला कारखानदारानं किती द्यायचं आणि शासनानं किती, हे ठरल्याशिवाय राखीव जागेवर गवतच उगवेल. १९५२ च्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेत हे प्रमाण ठरवून दिलेलं होतं: केंद्र राज्याला निम्मं अनुदान आणि निम्मं कर्ज देई, कारखानदारानं बांधलं तर त्याला पाव हिस्सा अनुदान. मुंबईतल्या हाउसिंग बोर्डाच्या जुन्या वसाहती आठवा. गरज तीच आहे, प्रमाण ठरवणारं वाक्य फक्त गेलं.

---

वांगणी फलाट दोन

मी वांगणीत राहते, बारा वर्षं. वांगणीचं नाव निघालं की लोक 'जंगलात पाठवताय' म्हणतात, ते मला खटकतं. इथे हवा चांगली आहे, माणसं चांगली आहेत.

अडचण कुठे आहे ते नीट सांगते. दादरहून सव्वा तास तरी लागतो. कर्जत गाड्या मोजक्या. एक चुकली की पुढचीसाठी थांबायचं, नाहीतर बदलापूरला उतरून रिक्षा. उन्हाळ्यात टँकर येतो. गंभीर दुखणं आलं की कल्याण किंवा मुंबई. आज गावात जेवढी माणसं आहेत त्यांनाच पाणी पुरत नाही. मग ८१ हजार घरांतली निम्मी जरी इथे आली, तरी धरण, जलवाहिनी, शाळा, दवाखाना ह्यांचा खर्च १५ लाखांच्या किमतीत धरलाय का वेगळा? मला तरी हा प्रश्न घराच्या किमतीइतकाच मोठा वाटतो.

---

साचेखाते

वांगणी ताई, नेमका हाच प्रश्न सभेत एका मावशींनी विचारला होता, उत्तर मिळालं नाही.

मी थोडा हिशेब केला. २०१२ च्या सोडतीत गिरण्यांच्याच जागेवरची २२५ चौरस फुटांची घरं साडेसात लाखांना होती. २०१६ मध्ये पनवेलजवळ कोनची सहा लाखांना. त्या इमारती भाड्याच्या घरांसाठी बांधलेल्या, १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या मिळून एक घर. (बीडीडीचीही खोली १६० चौरस फूटच होती, बाळ्या. आकडा वाचून मी थबकलो.) कोनच्या विजेत्यांना ताबा मिळायला वर्षं गेली, मधे करोनात त्या इमारती विलगीकरणासाठी घेतल्या होत्या. २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची घरं साडेनऊ लाखांना. आता वांगणीलाही साडेनऊ लाखच. दादर-वडाळ्याच्या जागेवरच्या घराला जो भाव, तोच वांगणीला, आणि वर शासनाचे साडेपाच लाख वेगळे. खाजगी विकासक जमीन आणतो, बांधतो आणि किंमत लावतो, त्यामुळे जमिनीचा भाव घरात शिरला. १९९१ च्या नियमात तो शिरतच नव्हता.

साडेनऊ लाख वीस वर्षांच्या कर्जानं घ्यायचे तर हप्ता महिन्याला साडेआठ हजारांच्या आसपास. मी एका बँकेत गेलो होतो. आईचं वय बघून अर्जच घेतला नाही. माझी मिळकत टेंपोच्या भाड्याची, पगारपत्रक नाही. "सहअर्जदार नोकरीवाला आणा" म्हणाले. भाचा आहे नोकरीत, पण घर आईच्या नावावर आणि कर्ज भाच्याच्या नावावर, हे त्याच्या बायकोला मी कोणत्या तोंडानं सांगू?

---

परळ व्हिलेज

आमच्याकडे चार भावंडं. अर्ज वडिलांच्या नावावर, ते २०१९ मध्ये गेले. पैसे कोण भरणार ह्यावर दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. घर अजून बांधलेलंही नाही.

१५ मार्च २०२४ च्या त्या शासन निर्णयातल्या १७ व्या कलमाचं काय झालं? ही घरं नाकारली तर हक्कच जातो, असं होतं ना?

---

नियमावली

९ जुलै २०२५ ला आझाद मैदानात मोर्चा झाला, त्यानंतर ते कलम काढण्याचं सरकारनं जाहीर केलं. आपापल्या अर्जासंदर्भात मात्र तोंडी शब्दावर राहू नका. सुधारित शासन निर्णयाची प्रत मागून घ्या आणि ती वाचल्याशिवाय संमतीपत्रावर किंवा नकारावर सही करू नका.

---

ठाणेकर करदाता

नियमावली यांचा मुद्दा पटला. वडिलांच्या कंपनीच्या जागेवर आज तीन टॉवर आहेत, काल मुद्दाम जाऊन बघून आलो. माझा आक्षेप घरांना नव्हता, खर्चाला होता. आकार लावायची सेंटरिंग यांची सूचना मला योग्य वाटते.

---

साचेखाते

रविवारी आईला वांगणीला नेलं. वांगणी ताई स्टेशनवर आल्या होत्या, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही. आईनं पुलाच्या पायऱ्या चढताना तीनदा बसून घेतलं. जागा पाहिली. तिनं दोनच गोष्टी विचारल्या: पाणी किती वाजता येतं, आणि रात्री छातीत दुखलं तर कुठे न्यायचं. परतताना गाडीत म्हणाली, "मी येईन इथे. पण तुझं टेंपोचं भाडं इथे कुठून मिळणार?"

येत्या सभेत देण्यासाठी निवेदन लिहिलं आहे. मसुदा असा:

मुंबईतील उर्वरित गिरण्यांच्या जागांवरील नव्या बांधकामावर आकार लावून त्यातून गिरणी कामगार गृहनिर्माण निधी कायद्याने स्थापन करण्यात यावा. शासनाच्या हिश्श्याचे साडेपाच लाख रुपये प्रतिघर देण्यात यावेत. पाणी, दवाखाना व शाळेचा खर्च घराच्या किमतीत न धरता शासनाने करावा. ज्यांना बँक कर्ज देत नाही अशा ज्येष्ठ अर्जदारांसाठी शासनाची हमी असावी. मुंबईत उपलब्ध होणाऱ्या घरांवर पहिला हक्क साठ वर्षांवरील मूळ कामगार व कामगारांच्या विधवांचा असावा.

चुका सांगा.

---

नियमावली

दुसरं वाक्य बदला. 'देण्यात यावेत' एवढंच लिहिलंत तर 'तरतूद उपलब्ध झाल्यावर' असं उत्तर येईल. असं लिहा: 'स्वतंत्र लेखाशीर्ष उघडून, बांधकाम सुरू होण्यापूर्वी, स्वतंत्र खात्यात वर्ग करण्यात यावेत.' (लेखाशीर्ष म्हणजे अंदाजपत्रकातली त्या खर्चाची वेगळी नोंद.) आणि पहिल्या वाक्यात निधीतील रक्कम अन्य कामासाठी वळवता येणार नाही, हे घाला.

---

कुंभारी नाका

घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर व्हावं, हेही घाला. आमच्याकडे त्यानं फार फरक पडला.

---

साचेखाते

तिन्ही बदल केले. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तिची सही घेतली. सभा रविवारी संध्याकाळी पाचला आहे. परळ व्हिलेज, चौघांपैकी जो येईल त्याला घेऊन या, सोबत वडिलांचं हजेरीकार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स आणा.